डोंगर वाचायला शिकू या

वाचकहो, आश्विन लागला की पेण आणि रोहे तालुक्यांचा रंग पालटतो. खाचरांतली हळवी भातं पिवळी पडू लागतात, वरकस जमिनीवर नाचणी कणसाला येते, ओहोळांचा आवाज बारीक होतो. चार महिने ढगात बुडालेले डोंगर एका सकाळी न्हाऊनमाखून उभे राहिल्यासारखे समोर दिसतात. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या पालखीची गडबड असते. पोलिसांची सलामी घेऊन निघणारी ती पालखी पाहायला गावोगावचे लोक लोटतात. मग कोजागिरी, दिवाळी आणि तुळशीचे लग्न. कापणी-झोडणीतून मधूनमधून जी उसंत मिळते, ती याच दिवसांत.

त्या उसंतीत घरातल्या मुलामुलींना एक खेळ शिकवावा, एवढे सांगण्यासाठी हा लेख. खेळाचे नाव जरा जीभ अडखळवणारे आहे: ओरिएंटिअरिंग. आपण त्याला 'दिशाशोध' म्हणू. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचे, रानात ठरवून ठेवलेली ठिकाणे एकामागून एक शोधायची आणि कमीत कमी वेळात परत यायचे, असा हा खेळ. वाट कोणी आखून दिलेली नसते. कोणत्या वाटेने जायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणून यात पाय जितके चालवावे लागतात, तितकेच डोकेही.

खेळ आला कुठून?

हा खेळ मूळचा स्वीडनचा. तिथल्या लष्करात नकाशा वाचून अनोळखी मुलूख पार करण्याचे शिक्षण देत, आणि १८८६ च्या सुमारास त्या शिक्षणाला हे नाव पडले. पुढे मेजर एर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने पाहिले की, तरुणांना मैदानात गोल गोल धावण्याचा कंटाळा येऊ लागला आहे. किलांडर स्काउट चळवळीतही काम करीत होते. त्यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळच्या रानात मोठी शर्यत भरवली. आजच्या दिशाशोधाचा आरंभ तिथून धरतात. १९६१ मध्ये युरोपातील १० राष्ट्रीय संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला आणि १९६६ साली फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली.

तुम्ही म्हणाल, स्वीडनच्या बर्फाळ रानातला खेळ, त्याचा आमच्या भातखाचरांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आपल्याकडे एन.सी.सी.च्या मुलांना नकाशावाचन शिकवतात. सैन्यात तर त्यावाचून चालतच नाही. आपल्या गावांतली कितीतरी मुले पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी पहाटे उठून धावतात. सोळाशे मीटरची तयारी करायची म्हणून अंधारात, ट्रकांच्या दिव्यांसमोर, महामार्गाच्या कडेने धावतात. त्यांच्या आईबापांचा जीव मुले घरी येईपर्यंत थाऱ्यावर नसतो. ही मुले आठवड्यातून दोन दिवस जरी डोंगराच्या अंगाने नकाशा घेऊन पळाली, तरी दमही वाढेल, पायही मजबूत होतील आणि भरतीनंतर लागणारी एक विद्या आधीच पदरात पडेल.

पेण-रोह्याची भूमी

या खेळाला भूमी अशी हवी की, जिच्यात थोड्या अंतरात पुष्कळ प्रकार असतील. त्या दृष्टीने पेण आणि रोहे हे तालुके भाग्यवान आहेत.

पेणपासून पाहू. पश्चिमेला धरमतरची खाडी, खारबंदिस्ती आणि खारेपाटातली सपाट भातजमीन. तिथे उंचवटा म्हणावा तर बांधाचाच. भोगावती पेणला वळसा घालून खाडीकडे जाते. पूर्वेला सह्याद्रीच्या सोंडा उतरत आलेल्या, त्यांच्यात हेटवण्याचे धरण आणि ईशान्येला सांकशीचा किल्ला. दक्षिणेला आलो की अंबा नदीवर नागोठणे लागते. तिथून भिसे खिंड ओलांडली की आपण अंबेच्या खोऱ्यातून कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरतो आणि रोह्याला पोहोचतो.

रोह्याच्या उत्तरेला डोंगरावर अवचितगड आहे. उंची सुमारे ३०० मीटर, म्हणजे हजारेक फूट. पण भोवती दाट झाडी. मेढे, पडम आणि पिंगळसई या तिन्ही गावांकडून वर जाता येते. माथ्यावर बारा कोनांचे बांधीव तळे आहे. खांबजवळ सुरगड, मुरूडच्या बाजूला घोसाळगड, असे आणखी किल्ले आहेत. कुंडलिकेवर भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारे पाणी डोलवहाळ बंधाऱ्यापाशी अडवून कालव्यांतून खाली नेले आहे, त्यामुळे रोह्याकडे उन्हाळी भातही होते. रोहे हे कोकण रेल्वेचे उत्तरेकडचे टोक. म्हणजे नदी, कालवा, रेल्वे, खिंड, किल्ला, खाडी आणि खाचर एवढे सगळे दोन तालुक्यांत एकवटले आहे. नकाशा वाचायला शिकणाऱ्याला आणखी काय हवे?

दोन नकाशे, दोन भाषा

शेतकऱ्याच्या घरात नकाशा नवीन नाही. गाव नकाशा आपण पाहिलेला असतो. गट नंबर, बांधांच्या रेषा, गावठाण, पाणंद, शिव हे सगळे त्यावर असते. पण जमीन कुठे चढते आणि कुठे उतरते, हे त्यावरून समजत नाही. गाव नकाशा जमीन कोणाची ते सांगतो. जमीन कशी आहे ते सांगत नाही.

ते सांगणारा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा. १७६७ साली स्थापन झालेला हा आपल्या देशाचा नकाशे करणारा विभाग. त्याच्या ५० हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. जुन्या क्रमांकपद्धतीत पेण आणि नागोठणे '४७ एफ/२' या शीटवर येतात, तर रोहे आणि अवचितगड '४७ एफ/३' या शीटवर. पेणहून रोह्याला जायचे तर दोन शीट जोडून घ्यावे लागतात. पूर्वी असे नकाशे मिळवणे सामान्य माणसाला अवघड असे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळी खुली मालिका काढली आणि २०१७ पासून संकेतस्थळावर नोंदणी करून हे नकाशे उतरवून घेण्याची सोय झाली. गावातल्या संगणकवाल्याकडून छापून घेतले की काम झाले.

या नकाशावर निळा रंग पाण्याचा, हिरवा झाडीचा, पिवळा लागवडीच्या जमिनीचा. आणि तपकिरी रंगाच्या ज्या नागमोडी रेषा सगळीकडे पसरलेल्या दिसतात, त्या समपातळी रेषा. शिकणारा बहुतेक इथेच अडतो. एका रेषेवरची सगळी ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असतात आणि लगतच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. वाचून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही.

पण वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी ही रेषा स्वतःच्या हाताने जमिनीवर काढली आहे! पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर सलग समपातळी चर खणले, ते आठवा. ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर लावून आपण सारख्या उंचीचे बिंदू शोधत गेलो, फक्की टाकत गेलो आणि त्या खुणांवर चर खणला. सोंड आली तिथे चर बाहेर वळला, घळ आली तिथे आत वळला. ती फक्कीची ओळ म्हणजेच नकाशावरची तपकिरी रेषा. कागदावर ती आधी पाहिली म्हणून अवघड वाटते, इतकेच.

हे एकदा ध्यानात आले की पुढचे सोपे आहे. रेषा डोंगराच्या बाहेरच्या अंगाला फुगते ती सोंड. आत घुसते ती घळ किंवा ओहोळ. दोन उंचवट्यांच्या मध्ये रेषा दोन्हीकडून आत आल्या की ती खिंड. भिसे खिंड नकाशावर अशीच ओळखावी. रेषा विरळ असतील तर माळ किंवा पठार, दाट असतील तर चढण, एकमेकींना चिकटल्या तर कडा. दोन रेषांत कागदावर दोन मिलिमीटर अंतर असेल, तर जमिनीवर १०० मीटर चालताना २० मीटर चढायचे आहे, म्हणजे २० टक्के उतार. आम्हा विस्तार खात्याच्या माणसांना उतार टक्क्यांत मोजायची सवय असते. ती इथे उपयोगी पडते.

शरदातला अभ्यास

आता शिकायचे कसे, ते क्रमाने सांगतो. गेल्या काही शरदांत डोंगरपायथ्याच्या गावांतल्या मुलामुलींबरोबर फिरताना जो क्रम सोयीचा ठरला, तोच इथे देत आहे.

पहिला आठवडा नवरात्रातला. रानात जायचेच नाही. अंगणात नकाशा पसरायचा आणि तो जमिनीशी जुळवायचा. नकाशाची वरची बाजू उत्तर. होकायंत्राची सुई उत्तर दाखवील तसा नकाशाच फिरवायचा. आपल्या भागात सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाइतकाही फरक पडत नाही, त्यामुळे गणित करावे लागत नाही. मात्र मोटारसायकल, कोयता, विजेचा खांब यांपासून दूर उभे राहावे. आपला काळा दगडही काही ठिकाणी लोहचुंबकीय असतो. सुई खडकावर ठेवून दिशा घेऊ नये, हातात धरून घ्यावी.

होकायंत्र नसले तरी आकाश आहे. २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. पुढे तो रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो आणि नोव्हेंबरच्या मध्याला सुमारे २० अंश दक्षिणेकडे उगवतो. रात्री ध्रुवतारा पाहावा. आपल्याकडे तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, म्हणजे हात ताठ धरून एकावर एक दोन मुठी ठेवल्या तर जवळपास तेवढ्याच उंचीवर. कोजागिरीला दूध आटेपर्यंत हा धडा घरातल्या लहानांनाही देता येतो.

दुसऱ्या आठवड्यात अंतर मोजायला शिकायचे. त्यासाठी कालव्याचा बांध किंवा सरळ पाणंद उत्तम. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे जवळजवळ १० मीटर. अशा दहा बाजू दोरीने मोजल्या की १०० मीटर झाले. आता नेहमीच्या चालीने चालायचे आणि फक्त उजवे पाऊल पडेल तेव्हा मोजायचे. साध्या जमिनीवर बहुतेकांचा आकडा ६० ते ७० च्या दरम्यान येतो. चढावर तो वाढतो, धावताना कमी होतो. प्रत्येकाने आपापला आकडा वहीत लिहून ठेवावा. दुसऱ्याच्या पावलावर आपले अंतर मोजता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात होकायंत्राची चाल. पारदर्शक पट्टीचे होकायंत्र घ्यावे. पट्टीची कड नकाशावर 'आपण आहोत तिथून' 'जायचे तिथे' अशी ठेवावी. मधली चकती फिरवून तिच्यातल्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर कराव्या. मग होकायंत्र छातीशी धरून, सुई चकतीवरच्या उत्तरेच्या खुणेशी जुळेपर्यंत आपणच गिरकी घ्यावी. आता पट्टीवरचा बाण दाखवतो ती आपली दिशा. त्या दिशेतले एखादे ठळक झाड किंवा दगड हेरावा, तिथवर जावे, मग पुढचे हेरावे. सुईकडे डोळे लावून चालणारा ठेच खातो.

चौथ्या आठवड्यात, दिवाळीच्या सुट्टीत, डोंगर. अवचितगडासारखी जागा शिकायला चांगली. पण जाणती माणसे बरोबर असावीत. पायथ्यापासून नकाशावर अंगठा ठेवून चालावे आणि पुढे जाऊ तसा अंगठाही सरकवावा. जगातले मोठे खेळाडू हेच करतात. ओहोळ ओलांडला, अंगठा सरकला; सोंडेवर आलो, अंगठा सरकला. म्हणजे 'आपण कुठे आहोत?' हा प्रश्न कधी पडतच नाही. वेळेचा अंदाजही आधी करावा. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरले, तर दर १०० मीटर चढासाठी १० मिनिटे जास्त धरावीत.

दोन युक्त्या जरूर शिकवाव्यात. पहिली, हात धरून नेणाऱ्या खुणेची. ओहोळ, कालवा, विजेच्या तारांची रांग, रेल्वेमार्ग यांना बाजूला ठेवून चालले तर चूक होत नाही. रेल्वेच्या रुळांवर मात्र चालायचे नाही. रूळ लांबून पाहायचे. दुसरी युक्ती अडवणाऱ्या खुणेची. 'पाण्याचा कालवा लागला, तर मी पुढे आलो' असे आधीच ठरवून ठेवायचे, म्हणजे चुकलेला माणूस फार लांब जात नाही.

एक छोटी शर्यत

रोहे तालुक्यातल्या डोंगरपायथ्याच्या एका गावी, गरव्या भाताची कापणी संपल्यावर अशी एक घरगुती शर्यत झाली, तिची हकीकत सांगतो. सर्व्हेच्या नकाशाचा तेवढाच तुकडा मोठा करून घेतला होता. दिशाशोधाचे खास नकाशे बहुधा १५ हजारांत एक किंवा १० हजारांत एक प्रमाणाचे असतात आणि त्यांवर लहानसा खड्डा, एकटा दगडही दाखवतात. आमच्याकडे तसा नकाशा नव्हता, म्हणून आठ दिवस आधी मुलांनी रानात हिंडून विहीर, गुरांचे डबके, वडाचे झाड, बांध, चर हे स्वतः त्यावर भरले. खरे सांगायचे तर अर्धे शिक्षण या भरण्यातच झाले.

जगभर ठिकाणांवर केशरी-पांढऱ्या रंगाची निशाणे लावतात. आम्ही जुन्या कापडाच्या पट्ट्या रंगवल्या आणि सहा ठिकाणी बांधल्या. प्रत्येक ठिकाणी एक अक्षर लिहून ठेवले; खेळाडूने ते आपल्या कार्डावर उतरून आणायचे. एक अक्षर चुकले तरी शर्यत बाद. तीन-तीन मिनिटांच्या अंतराने एकेकाला सोडले, म्हणजे कोणी कोणाच्या मागे धावू नये.

तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणांच्या मध्ये एक खोल घळ होती. सरळ रेषेत अंतर जेमतेम ३०० मीटर. भरतीची तयारी करणारा, गावातला सगळ्यात वेगवान मुलगा सरळ घुसला. ४० मीटर खाली उतरला, करवंदीच्या जाळीतून वाट काढली आणि पुन्हा ४० मीटर चढला. बारावीतल्या एका मुलीने नकाशा पाहिला. दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच समपातळी रेषेवर होती आणि त्या रेषेवरच पाणलोटातला जुना चर होता. तिने चराच्या कडेने घळीच्या डोक्याला वळसा घातला. अंतर दुपटीहून जास्त, पण ना चढ ना उतार. ती एकदाही जोरात धावली नाही, आणि त्या टप्प्याला मुलापेक्षा सहा मिनिटे आधी पोहोचली. शेवटी पूर्ण शर्यत मुलानेच जिंकली, कारण सपाटीवर त्याला कोणी गाठू शकले नाही. पण बक्षिसाचा नारळ घेतल्यावर पहिल्यांदा तो त्या मुलीकडे गेला आणि चर नकाशावर कुठे दिसतो ते दाखव म्हणाला.

तो चर तिच्या आईने आणि गावातल्या इतर बायांनी रोजगाराच्या कामावर खणलेला होता, हेही इथे नमूद केले पाहिजे.

एक नियम मात्र सर्वांना आधी बजावला होता. उभ्या पिकात पाय टाकला, तर शर्यत बाद. हा आमच्या गावाचा नियम नव्हे, खेळाचाच आहे. दिशाशोधाच्या नकाशावर पिकाच्या जमिनीची वेगळी खूण असते आणि उभ्या पिकातून जाणे जगभर निषिद्ध मानतात. कार्तिकात भात निघाल्यावर कुणी वालाचे बी टाकलेले असते. वरून जमीन मोकळी दिसते, पण तीही पेरलेलीच असते. म्हणून शर्यतीआधी प्रत्येक शेतकऱ्याला विचारून घ्यावे.

कागदावरची रेषा आणि पायाखालची जमीन

वाचकहो, हा खेळ एवढ्या आग्रहाने सांगायला आणखी एक कारण आहे. आपल्या भागात जमिनीवरचे मोठे निर्णय कागदावर होतात. धरणाचे लाभक्षेत्र, रस्त्याची आखणी, संपादनाची हद्द, पूररेषा हे सगळे आधी नकाशावर उमटते आणि मग शेतात खुंट्या येतात. पेणकरांना हे सांगायला नको. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला होता. आपले शेत लाभक्षेत्राच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, याला तेव्हा केवढे महत्त्व होते! ज्याला ती रेषा वाचता येते, तो सभेत उठून नेमका प्रश्न विचारतो. ज्याला येत नाही, त्याला दुसऱ्याच्या बोटाकडे पाहावे लागते.

आणि पावसाळ्याचे काय? जुलै १९८९ मध्ये अंबेला महापूर आला आणि जांभूळपाड्यात केवढा अनर्थ झाला, हे जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. नकाशावर अंबेला वरून येऊन मिळणारे ओहोळ मोजून पाहा, म्हणजे डोंगरावर ढग फुटला तर पाणी कुठे गोळा होते ते मुलांनाही समजेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेल्यांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावे लागले. आपल्याही तालुक्यांत डोंगराच्या कुशीत ठाकूरवाड्या, कातकरवाड्या, धनगरवाडे आहेत. एखाद्या वाडीच्या डोक्यावर रेषा किती दाट आहेत, वाडीला येणारी दुसरी पायवाट कोणत्या सोंडेवरून आहे, हे गावातल्या दहा तरुणांना नकाशावर दाखवता आले, तर संकटाच्या रात्री त्यांचा मोठा आधार होईल. दरड केव्हा येईल हे नकाशा सांगत नाही, ते काम जाणकारांचे. पण कुठे लक्ष ठेवायचे आणि कुठून जायचे, एवढे तो नक्की सांगतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी. डोंगरातल्या वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसाला नकाशा येत नसेल, पण कोणत्या घळीत चैत्रापर्यंत पाणी टिकते, कुठला उतार पावसात सरकतो, हे त्याला तोंडपाठ असते. ती ठिकाणे आणि त्यांची नावे कुठल्याच कागदावर नाहीत. मुलांनी अशा जाणत्यांना बरोबर घेऊन नकाशावर ती लिहून काढावीत. मोबाईलमधला नकाशाही वाईट नाही. तो दिशा दाखवतो, नेटवर्क नसतानाही आपली जागा सांगू शकतो. पण बॅटरी संपली की सगळे संपते. आणि ज्याने मोबाईलच्या पाठोपाठ चालायचीच सवय लावून घेतली, त्याच्या ध्यानात डोंगर राहत नाही.

निघण्यापूर्वी

काळजी घ्यायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. एकट्याने जाऊ नये. शिकताना जोडीजोडीने सोडावे. घरी परतायची वेळ सांगून जावे. प्रत्येकाकडे शिट्टी आणि पाणी असावे. आश्विनातले ऊन भ्रमात पाडते. सकाळी लवकर निघून अकराच्या आत खाली यावे. गवत अजून उभे असते, तेव्हा फुरसे आणि घोणस यांची आठवण ठेवून बूट आणि लांब पँट घालावी. साप चावलाच तर झाडपाल्यात वेळ न घालवता, माणसाला चालू न देता, १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. पायाला जखम असेल तर खाचरातल्या चिखलात उतरू नये, लेप्टोची भीती असते. आग्या मोहळाच्या कड्याखाली गडबड, धूर, उग्र अत्तर नको. रानडुकरांसाठी काही ठिकाणी तारांत वीज सोडलेली असते. तशी तार दिसली तर हात न लावता मागे फिरावे आणि गावात सांगावे. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय शर्यत भरवू नये. शेवटचा खेळाडू परत येईपर्यंत मोजणाऱ्याने जागा सोडू नये, आणि कापडाच्या पट्ट्या संध्याकाळपर्यंत काढून आणाव्यात.

खर्च म्हणाल तर नकाशाची छपाई, एक-दोन होकायंत्रे आणि जुने कापड. शाळेचे गुरुजी, एन.सी.सी. केलेला एखादा मुलगा, सुट्टीवर आलेला जवान, पाणलोटात काम केलेल्या बाया आणि डोंगर जाणणारा एखादा आजोबा, एवढी माणसे एकत्र आली की गावाचा संघ तयार होतो. कापणी आटोपेल त्या रविवारी पहिला नकाशा अंगणात पसरा. त्यावर आधी आपले घर शोधा, मग आपले शेत, मग शेताच्या वरचा ओहोळ कुठून येतो ते बोटाने मागे मागे शोधत जा. बोट डोंगरावर जिथे थांबेल, तिथे पुढच्या रविवारी मुलांना घेऊन चालत जा.